सातव्या ओळीतली गळती

मध्यवर्ती बँकेच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत बसून तक्तेबाई दर महिन्याच्या वीस तारखेला देशाचे किती डॉलर लवकरच देशाबाहेर जाणार आहेत ते एका कागदावर लिहून द्यायच्या. त्या कागदाला बँकेत 'गळतीचा तक्ता' म्हणत आणि तो करणाऱ्या म्हणून त्या तक्तेबाई. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर असायचं, पण ते तिथून खाली उतरून कोणाच्या तोंडी आलं नव्हतं.

तक्त्यात ओळी सात. पहिल्या सहा ठरलेल्या गळतीच्या: कर्जाचे हप्ते, व्याज, आधीच कबूल करून बसलेले सौदे. या ओळींना कागद होते, करार होते, सह्या होत्या, आणि बाई त्यांत एका पैशाची चूक होऊ द्यायच्या नाहीत. सातवी ओळ आकस्मिक गळतीची. म्हणजे उद्या कोणी न सांगता-सवरता दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला की आमचे डॉलर आत्ताच्या आत्ता मोजा, तर किती मोजावे लागतील. आता न सांगता येणारा माणूस किती मागेल हे आधी कसं कळणार, असा प्रश्न एखाद्या भाबड्याला पडेल. पण बँकेत भाबडी माणसं टिकत नाहीत. तिथे एकच नियम होता, की तक्त्यात रिकामी जागा दिसता कामा नये. चुकीचा आकडा चालेल, त्यावर बैठक घेता येते. रिकाम्या जागेवर बैठक कशी घेणार?

नदीपलीकडे दुसरा देश होता. भाषा तीच, फक्त ते लोक ती नाकातून बोलतात असं अलीकडचे म्हणायचे, आणि अलीकडच्यांबद्दल पलीकडचेही नेमकं हेच म्हणायचे. त्यांच्याही मध्यवर्ती बँकेचा असाच तक्ता दर महिन्याच्या पाच तारखेला प्रसिद्ध व्हायचा. दोन्हीकडची वर्तमानपत्रं दोन्ही तक्ते शेजारी शेजारी छापायची. गळती कोणाची जास्त, गंगाजळी कोणाची किती दिवस पुरेल, यावर केशकर्तनालयात वाद व्हायचे. ज्यांनी आयुष्यात डॉलर पाहिला नव्हता ते सुद्धा आपला आकडा वाईट निघाला की दिवसभर घरच्यांवर डाफरत असायचे.

नऊ वर्षांपूर्वी बाई या टेबलावर नव्या आल्या, तेव्हा आधीचे गृहस्थ निवृत्त होऊन गेले होते. मागे एक पट्टी, एक खोडरबर आणि एक चिठ्ठी ठेवून. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'सातवी ओळ: अंदाजाने.' बाईंनी अंदाज करण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. सकाळी अंदाज केला, दुपारी केला, डबा खाल्ल्यावर पुन्हा केला. प्रत्येक वेळी वेगळा आला. संध्याकाळी साहेब दारात येऊन घड्याळाकडे बघायला लागले, तेव्हा बाईंनी घाईघाईने पलीकडच्यांचा तक्ता उघडला. त्यांच्या सातव्या ओळीत चाळीस कोटी होते. एवढी मोठी बँक उगीच चाळीस लिहिणार नाही, असं बाईंनी मनाशी म्हटलं. आपला देश त्यांच्यापेक्षा जरा मोठा, म्हणून दोन टक्के वर. एक टक्का चिंगूसपणा दिसला असता, तीन टक्के घबराट. आकडा गेला, साहेबांनी सही केली, कोणी काही विचारलं नाही, आणि बाईंच्या जीवात जीव आला.

पुढच्या पाच तारखेला पलीकडच्यांचा आकडा बाईंच्या आकड्यापेक्षा दोन टक्क्यांनी जास्त निघाला. बाईंना मनातून बरंच वाटलं. म्हणजे आपला अंदाज योग्य दिशेने होता. मग वीस तारखेला त्यांनी आणखी दोन टक्के चढवले. पलीकडच्यांकडे यासाठी काहीतरी जबरदस्त मॉडेल आहे, असं बँकेत सगळेच बोलायचे. त्यावर म्हणे तीन प्रोफेसर काम करतात. प्रोफेसरांच्या मागून चालायला बाईंना कमीपणा वाटत नव्हता.

असं नऊ वर्षं चाललं.

दोन टक्के म्हणजे काही नाही, असं ज्याला वाटतं त्याने ते महिन्यातून दोनदा, नऊ वर्षं करून बघावं. या वर्षी एका महिन्याच्या वीस तारखेला सातव्या ओळीत दोन हजार आठशे ब्याऐंशी कोटी डॉलर उभे होते. ठरलेली गळती नऊशे कोटी. एकूण गंगाजळी चार हजार. वजाबाकी शाळेतल्या पोरालाही येते, अर्थमंत्र्यांनाही आली, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पलीकडेही तीच वजाबाकी होऊन तीच अवस्था झाली होती. दोन्ही सरकारांनी एकमेकांचे तक्ते पाहिले आणि आपण एकटे नाही, म्हणजे संकट खरंच आहे, असा निष्कर्ष काढला. ठरलं की सव्वीस तारखेला दोन्ही गव्हर्नरांनी एकत्र बसायचं आणि एक तारखेपासून दोन्ही देशांनी परदेशी मालावर बंदी घालायची. कोणता माल, त्याची यादीही वर्तमानपत्रात आली.

यादीत चौथ्या क्रमांकावर, छत्रीच्या मुठी आणि व्हायोलिनच्या तारा यांच्या मधे, मनगटी घड्याळांचे सेल होते.

बाईंचे यजमान घड्याळजी. त्यांचं दुकान बँकेमागच्या गल्लीत, इतकं अरुंद की दोन गिऱ्हाइकं आत शिरली तर तिसऱ्याने रस्त्यावरूनच बोलायचं. चोवीस तारखेला जेवणाच्या सुटीत बाई तिथे पोचल्या तेव्हा घड्याळजी डोळ्याला भिंग लावून यादी वाचत होते. जणू बारीक बघितलं तर चौथा क्रमांक निघून जाईल.

"सेल बंद म्हणजे दुकान बंद," ते म्हणाले. "चावीची घड्याळं वर्षाला चार येतात. त्यातली दोन माझी."

बाई स्टुलावर बसल्या. गव्हर्नरांनी बैठकीसाठी दोन्ही देशांच्या गळतीची नऊ वर्षांची तुलना मागवली होती, आणि त्या दिवशी सकाळी बाईंनी पहिल्यांदाच दोन्ही सातव्या ओळी एकाच आलेखावर काढल्या होत्या. लाल रेघ आपली, निळी त्यांची. दोन्ही रेघा जिन्यासारख्या चढत गेल्या होत्या: लाल पायरी, निळी पायरी, लाल पायरी, निळी पायरी, सगळ्या एका मापाच्या. जगात कुठलंच संकट इतक्या शिस्तीत येत नाही.

"अहो, एक सांगायचंय."

"सांग."

"ही बंदी माझ्यामुळे आलीय."

घड्याळजींनी भिंग काढलं. "बँकेत तुझं एवढं चालतं? मग पगार का वाढत नाही?"

बाईंनी सगळं सांगितलं. पट्टी, खोडरबर, चिठ्ठी, चाळीस कोटी, दोन टक्के.

"म्हणजे तू त्या पलीकडच्याची कॉपी केलीस."

"एकदाच. मग त्याने माझी केली."

"आणि नंतर?"

"नंतर मी त्याची."

"अगं, मग एकदाच कशी?"

"आता खरं सांगितलं तर माझं काही खरं नाही," त्या म्हणाल्या. "साहेब तीस तारखेला निवृत्त होतायत. विभागप्रमुखाच्या जागेसाठी माझी फाइल वर गेलीय. फक्त गव्हर्नरांची सही राहिलीय."

घड्याळजींनी यादीची घडी घातली, ती पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. सव्वीस वर्षांच्या संसारात त्यांनी बाईंच्या बढतीसाठी जितकी वाट बघितली होती तितकी स्वतःच्या दुकानासाठीही बघितली नव्हती. "तुझं तू ठरव," ते म्हणाले. "दुकानाचं काय, मी छत्र्या दुरुस्त करीन." मग त्यांना आठवलं की मुठीही बंद होणार आहेत, आणि त्यांनी यादी पुन्हा उलगडली.

ते भांडले असते तर बाईंना बरं वाटलं असतं. परतीच्या वाटेवर त्यांना रडू येत होतं आणि स्वतःचा रागही येत होता. दोन्ही एकदम आल्यामुळे त्या रस्ता ओलांडताना एका सायकलवाल्यावरच खेकसल्या.

सव्वीस तारखेला पलीकडचे लोक आले. चार काळ्या गाड्या, अकरा माणसं. वरच्या दालनात मोठ्यांचे फोटो निघत होते तोवर दोन्हीकडच्या तक्तेवाल्यांना शेजारच्या छोट्या खोलीत चहा-बिस्किटं देऊन बसवण्यात आलं. "चार वाजेपर्यंत आकडे जुळवून घ्या," साहेब म्हणाले, आणि बाईंना बाजूला घेऊन हळूच पुढे म्हणाले, "आत फक्त वाचायचं. बोलायचं नाही. माझे चार दिवस राहिलेत, ते मला शांततेत काढू द्या."

पलीकडचे तक्तेवाले म्हणजे टक्कल पडलेले, लोकरी बंडी घातलेले, पन्नाशीचे गृहस्थ. नऊ वर्षं ज्यांच्या मागे मागे चाललो ते हेच, या विचाराने बाईंना जरा संकोच वाटला. गृहस्थ मात्र त्यांना बघताच उठून उभे राहिले.

"बाई, तुमच्याबद्दल आमच्याकडे फार आदर आहे," ते म्हणाले, किंचित नाकातून. "तुमचं ते मॉडेल."

"आमचं?"

"सातव्या ओळीचं. इतकं नियमित. आमच्यात असं म्हणतात की तुमच्याकडे पाच प्रोफेसर आहेत."

"आम्ही ऐकलंय की तुमच्याकडे तीन आहेत."

"आमच्याकडे?" गृहस्थ हसले, मग हसायचे थांबले. त्यांनी बिस्किट चहात बुडवलं आणि काढायचं विसरले. "बाई, एक विचारू का? राग मानू नका. तुम्ही दर वेळी दोनच टक्के का वाढवता?"

"तुम्ही वाढवता म्हणून."

"पण मी तर तुम्ही वाढवता म्हणून वाढवतो."

बिस्किट चहात पडलं. गृहस्थांनी चमच्याने ते बाहेर काढायचा प्रयत्न केला, त्याचे दोन तुकडे झाले, मग त्यांनी नाद सोडला.

"चाळीस कुठून आले होते?" बाईंनी विचारलं. "अगदी सुरुवातीचे?"

"मी आलो तेव्हा होतेच. चाळीस म्हणजे मला गोल आकडा वाटला. सभ्य वाटला."

मग दोघांचं खरं बोलणं सुरू झालं. गृहस्थांचं म्हणणं असं की गवगवा करायचा नाही. जसे चढलो तसे उतरू. दर महिन्याला दोन टक्के तुम्ही कमी करा, दोन टक्के आम्ही, कोणाच्या लक्षातही येणार नाही, नऊ वर्षांत चाळीसवर येऊन टेकू. "आणि माझी निवृत्ती चार वर्षांवर आलीय," ते समाधानाने म्हणाले.

"आणि तोवर बंदी?"

"तोवर बंदी."

"माझ्या यजमानांचं घड्याळाचं दुकान आहे."

गृहस्थांनी मान खाली घातली. त्यांच्या धाकट्या मुलीला व्हायोलिनच्या तारा लागतात, हे त्यांना आत्ताच आठवलं असावं, कारण ते म्हणाले, "माझी धाकटी व्हायोलिन वाजवते. तशी तारा बंद झाल्या तर शेजारी आनंदाने माझ्या पाया पडतील." मग एकदम बारीक आवाजात, "पण बाई, मी आधी बोलणार नाही. मला दोन मुली आहेत. तुम्ही बोललात आणि माझ्या साहेबांनी विचारलं, तर मी काय म्हणेन ते मलाच सांगता येत नाही. कदाचित म्हणेन, आमच्याकडे प्रोफेसर आहेत."

निदान हे तरी त्यांनी खरं सांगितलं. बाईंना त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही पाच प्रोफेसर काढले असते, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

चार वाजता दालनाचं दार उघडलं. लांबलचक टेबल, एका बाजूला आपण, एका बाजूला ते, मधे पाण्याच्या बाटल्या. दोन्ही गव्हर्नरांसमोर बंदीच्या यादीवर सही करायची पेनं टोपणं काढून तयार ठेवलेली. आपल्या गव्हर्नरांनी मान हलवली आणि बाई तुलनेचा कागद घेऊन उभ्या राहिल्या.

पहिल्या सहा ओळी त्यांनी खणखणीत आवाजात वाचल्या. आपला हप्ता, त्यांचा हप्ता. आपलं व्याज, त्यांचं व्याज. मग सातवी आली. कागदावर दोन हजार आठशे ब्याऐंशी छापलेले होते, नुसते वाचायचे होते. साहेब भिंतीकडेच्या खुर्चीवरून डोळ्यांनी विनवत होते. बाईंना विभागप्रमुखाची खोली दिसली, तिची दोन खिडक्यांची भिंत दिसली, आणि मग यादीची घडी घालणारे घड्याळजींचे हात दिसले.

"सातवी ओळ, आकस्मिक गळती," त्या म्हणाल्या. "आपली, माहीत नाही."

दालनात कोणाला आधी काही कळलंच नाही. एक उपसचिव ते लिहूनही घेत होते.

"माहीत नाही म्हणजे?" गव्हर्नरांनी विचारलं.

"म्हणजे साहेब, मला माहीत नाही. कधीच नव्हतं. नऊ वर्षं मी यांचा आकडा बघून त्यात दोन टक्के घालत आलेय. कोणी मागायला आलं तर किती मागेल हे मी कुणालाही विचारलेलं नाही. चूक माझी आहे." एवढं बोलून त्या खाली बसणार होत्या, पण खुर्ची मागे सरकली होती, म्हणून उभ्याच राहिल्या.

साहेबांनी डोळे मिटून घेतले. अर्थमंत्र्यांनी पाण्याची बाटली उघडली आणि शेजाऱ्याच्या पेल्यात ओतली. समोरच्या बाजूला मात्र हळूहळू चेहरे खुलायला लागले. पलीकडचे गव्हर्नर खुर्चीत टेकून बसले. अलीकडच्यांचं पितळ असं उघडं पडलेलं बघण्याची संधी पिढीतून एकदा मिळते.

"आमच्याकडे असला प्रकार नाही," ते प्रसन्नपणे म्हणाले. "आमचा आकडा शास्त्रीय पद्धतीने काढला जातो." आणि टक्कलवाल्या गृहस्थांकडे वळून, "सांगा यांना. आपलं मॉडेल काय आहे?"

गृहस्थ उठले. त्यांनी बंडीची बटणं लावली. मग ती काढली. बाईंनी त्यांच्याकडे बघायचं टाळलं, कारण आपल्या बघण्याने माणूस अडचणीत येऊ नये एवढं तरी आपण करू शकतो, असं त्यांना वाटलं.

"साहेब," गृहस्थ म्हणाले, "आपलं मॉडेल म्हणजे या बाई."

त्यानंतर दालनात जे झालं त्याचं इतिवृत्त दोन्ही बँकांनी लिहिलं नाही. कोण कोणावर ओरडलं हे सांगण्यात अर्थ नाही, कारण सगळेच सगळ्यांवर ओरडले. मधेच दोन्ही गव्हर्नरांमधे अशीही चकमक झाली की आपला चुकीचा आकडा समोरच्याच्या चुकीच्या आकड्यापेक्षा सत्तावन्न कोटींनी मोठा आहे की त्यांचा सत्तावन्न कोटींनी लहान, आणि यात अब्रू कोणाची गेली. पण सहाच्या सुमारास सगळ्यांचे आवाज बसले आणि यादी कोणीतरी उचलून फाइलमधे घातली. सही झाली नाही. वर्तमानपत्रांना सांगण्यात आलं की तांत्रिक कारणामुळे बंदी तहकूब.

बाईंची फाइलही सहीवाचून परत आली. विभागप्रमुखाच्या खोलीत दुसऱ्या विभागाचे एक गृहस्थ येऊन बसले, आणि बाईंना शिक्षा म्हणून हुकूम निघाला की सातवी ओळ या महिन्यापासून त्यांनी आणि पलीकडच्यांनी मिळून मुळापासून काढायची. मुळापासून म्हणजे प्रत्येक बँकेला, प्रत्येक व्यापाऱ्याला फोन करून विचारायचं. बाईंना पद गेल्याचं वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं चांगलं चार दिवस टिकलं. घड्याळजींनी त्या चार दिवसांत स्वयंपाक केला, आणि तो खाताना दुःख आणखी वाढलं असं बाईंचं मत होतं. पाचव्या दिवशी दुकानात सेलचं खोकं आलं. घड्याळजी ते घरी घेऊन आले, टेबलावर ठेवलं, आणि बाईंच्या मनगटावरचं घड्याळ काढून त्यात नवा सेल बसवून दिला. जुना अजून चालू होता, पण बाईंनी हात पुढे केला.

महिनाभर दोघं तक्तेवाले आपापल्या देशात बसून फोनला चिकटले होते. नियम एकच ठरला होता: दोघांनी दोन्ही देशांची आकस्मिक गळती मिळून एकच बेरीज काढायची, पण स्वतंत्रपणे, आणि ठरलेल्या दिवशी समोरासमोर उघडायची. तोवर एकमेकांशी या विषयावर चकार शब्द नाही. दोनदा गृहस्थांनी बाईंना फोन केला, आणि दोन्ही वेळा मुलीच्या व्हायोलिनबद्दल बोलून ठेवून दिला.

ठरलेल्या दिवशी ते त्याच छोट्या खोलीत बसले. गृहस्थांनी आल्या आल्या मधे एक मोठी फाइल उभी केली, शाळेत परीक्षेला मुलं दप्तर उभं करतात तशी, आणि वर पुन्हा कागदावर हात आडवा धरला. बाईंनीही आपल्या कागदावर डबा ठेवला. शेवटच्या बेरजा झाल्या. गृहस्थांनी आपली बेरीज तीनदा तपासली, बाईंनी चारदा.

"एक, दोन, तीन म्हणायचं का?" गृहस्थांनी विचारलं.

"आधी फाइल काढा."

फाइल खाली आली, डबा बाजूला झाला, कागद फिरले. बाईंचा आकडा त्रेसष्ट कोटी. गृहस्थांचा एकशे सतरा.

दोघांनी एकमेकांचा कागद उचलून वाचला. वरपासून खालपर्यंत एकही ओळ सारखी नव्हती. बाईंनी विमान कंपन्या वगळल्या होत्या, त्यांनी धरल्या होत्या. त्यांनी विमेवाल्यांना फोनच केला नव्हता.

"जुळत नाही," गृहस्थ म्हणाले.

"अजिबात नाही," बाई म्हणाल्या.

बाईंना इतका आनंद झाला होता की तो लपवायला त्यांनी डब्याचं झाकण उघडून पुन्हा लावलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा समोरच्या कागदावर त्यांना दुसऱ्या कोणाचं तरी डोकं दिसत होतं, आणि ते चुकलेलं आहे अशी त्यांची खात्री होती. त्यांनी पेन्सिल उचलली, खुर्ची पुढे ओढली आणि विमान कंपन्यांवर बोट ठेवलं.

"हे कशाच्या जोरावर धरलंत?"

"कशाच्या म्हणजे?" गृहस्थ शर्टाच्या बाह्या वर करत म्हणाले. "तुम्ही वगळल्यात कशाच्या जोरावर ते आधी सांगा."

जेवणाच्या सुटीपर्यंत ते पहिल्याच ओळीवर भांडत होते.